छपराची वर्गणी

पुण्यातील कोणत्याही मराठी ख्रिस्ती देवालयात रविवारी उपासनेला गेलात, तर एका गीताच्या सुमारास अर्पणाची थैली फिरू लागते. लाल किंवा जांभळ्या मखमलीची ही थैली मुद्दाम खोल शिवलेली असते. मूठ आत गेली की तिच्यातून दहाची नोट सुटली की पाचशेची, हे शेजारी बसलेल्याला कळत नाही, आणि ज्याची मूठ रिकामीच आत जाऊन बाहेर येते त्याचीही लाज राखली जाते. गेल्या काही वर्षांत या थैलीच्या जोडीला, दाराशी गीतांची पुस्तके ठेवलेल्या टेबलावर, प्लास्टिकच्या उभ्या पाटीतला क्यूआर कोड आला. थैली चार भिंतींच्या आत फिरते आणि पुन्हा वेदीपाशी येते. क्यूआर कोडचे छायाचित्र मात्र व्हॉट्सअॅपवरून वडगाव शेरीला जाते, पिंपरीला जाते, दुबईला जाते आणि पुष्कळदा ज्यांचा आपल्या मंडळीशी, म्हणजे देवालयाच्या सभासदांशी, काहीही संबंध नाही अशांच्या फोनवरही जाऊन पडते. देवालयाचा कारभार पाहणाऱ्या आमच्या पाळकीय समितीत खजिनदार म्हणून काम करताना, विशेषतः छपराच्या दुरुस्तीसाठी मोबाइलवरून वर्गणी गोळा करताना, या दोन वस्तूंमधला फरक मी जवळून पाहिला आहे. आयुष्यभर बँकेत नोकरी केल्यामुळे पैसा किती आला यापेक्षा तो कोणाच्या नावावर आला आणि त्याचा जाब कोण देणार, याकडे माझे लक्ष आधी जाते. या लेखातही ते तिकडेच जाणार आहे.

हा बदल आम्ही हौसेने केलेला नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि देवालयांची दारे बंद झाली. महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे त्या वर्षी दिवाळी पाडव्याला, १६ नोव्हेंबरला उघडली, पुढच्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी, घटस्थापनेच्या दिवशी, परत उघडली. या काळात उपासना यूट्यूबवर आली, पाळकसाहेब मोबाइलच्या डोळ्याकडे पाहून प्रवचन करायला शिकले, परंतु थैली फिरण्याचे थांबले आणि तिच्याबरोबर पाळकांचे मानधन, झाडलोट करणाऱ्या बाईंचा पगार आणि विजेचे बिल हे सारेच अडले. बाहेरच्या वाचकाला कदाचित वाटत असेल की चर्चकडे कुठूनतरी परदेशी पैसा येतच असतो. मिशनऱ्यांचा काळ संपून पिढ्या लोटल्या. सामान्य मराठी मंडळीचा महिन्याचा खर्च तिच्या सभासदांच्या दशमांशावर (कमाईच्या दहाव्या भागावर), महिन्याच्या वर्गणीवर आणि कापणीच्या सणाला होणाऱ्या लिलावावरच चालतो. त्या लिलावात एक भोपळा तीन वेळा विकला जातो, कारण घेणारा तो पुन्हा देवालयालाच देऊन टाकतो. हा भोपळा ऑनलाइन विकता येत नाही, हे आम्हाला २०२० साली समजले.

दूरच्या माणसांकडे लेखी निरोप पाठवून देवाच्या कामासाठी पैसे मागणे ही कल्पना मात्र मोबाइलची नव्हे. बायबलमध्ये प्रेषित पौलाने करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पत्रांत यरुशलेमेतील गरीब विश्वासणाऱ्यांसाठी चाललेल्या वर्गणीचा मजकूर आहे, आणि वर्गणी गोळा करणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा हिशेबनीसाच्या नजरेने वाचावा असा आहे. तो सांगतो की आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या कमाईच्या मानाने काही बाजूला काढून ठेवावे, म्हणजे आपण आल्यावर धावपळ नको. मासेदोनियाच्या मंडळ्या स्वतः हलाखीत असूनही किती उदारपणे देत आहेत, हे तो करिंथकरांना मुद्दाम ऐकवतो. आजच्या ग्रुपवर ‘अमुक मंडळीने आपले उद्दिष्ट पूर्ण केले, आपण कधी?’ असा संदेश पडतो, त्याचेच हे पहिल्या शतकातले रूप होय. परंतु मला त्यातला सर्वांत मोलाचा भाग पुढचा वाटतो. रक्कम पोहोचवण्यासाठी तो एकटा जात नाही. आपला सहकारी तीत याच्याबरोबर तो मंडळ्यांनीच निवडलेला आणखी एक भाऊ पाठवतो आणि कारणही स्पष्ट लिहितो: एवढ्या मोठ्या देणगीच्या बाबतीत कोणी आपल्यावर दोष ठेवू नये, आणि केवळ देवाच्या नव्हे तर माणसांच्या दृष्टीनेही जे योग्य तेच व्हावे. ज्या माणसाच्या प्रामाणिकपणाबद्दल कोणाला शंका नव्हती, त्याने स्वतःहून स्वतःवर साक्षीदार बसवून घेतले.

दुसरे उदाहरण आपल्या पुण्याच्या अगदी जवळचे आहे. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी १८८६ साली पंडिता रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या आणि पुढे अडीच वर्षांहून अधिक काळ अमेरिकाभर व्याख्याने देत राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये तिथेच निघाले आणि त्याच्या विक्रीतून निधीला सुरुवात झाली. त्याच वर्षी डिसेंबरात बोस्टनमध्ये ‘अमेरिकन रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली. गावोगाव ‘रमाबाई सर्कल’ नावाची छोटी मंडळे निघाली आणि त्यांच्या सभासदांनी दहा वर्षे दरसाल ठरावीक रक्कम देण्याचे वचन दिले. बहुतेकींनी ना मुंबई पाहिली होती ना पुणे. त्यांच्याजवळ होता तो एक छापील मजकूर, ऐकलेले एक व्याख्यान आणि एका बाईवरचा विश्वास. त्या डॉलरांवर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन हे हिंदू विधवांसाठीचे निवासी विद्यालय उघडले, आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आले.

या कथेचा पुढचा भाग आमच्या मंडळीत सहसा हळू आवाजात सांगितला जातो, पण निधी गोळा करणाराने तोच मोठ्याने वाचला पाहिजे. असोसिएशनने पैसे दिले होते ते धर्माच्या बाबतीत तटस्थ राहणाऱ्या शाळेसाठी. स्वतः ख्रिस्ती असलेल्या रमाबाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि काही हिंदू मुली येऊन बसत. १८९३ मध्ये त्यावरून पुण्यात वादळ उठले, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंच्या हेतूबद्दल मला तिळमात्र शंका नाही. तरीही ज्या कारणासाठी पैसे मागितले ते कारण आणि जे घडत आहे ते, यांत देणाऱ्याला किंवा पाहणाऱ्याला अंतर दिसू लागले की कितीही पवित्र काम डळमळते, हे त्या वादळातून दिसले. १८९८ मध्ये दहा वर्षांची मुदत संपल्यावर रमाबाई पुन्हा अमेरिकेला गेल्या, असोसिएशनची नव्याने रचना झाली आणि तटस्थतेची ती अट निघाली. केडगावच्या ‘मुक्ती’ या त्यांच्या आश्रमाचे काम पुढे उघडपणे ख्रिस्ती काम म्हणून चालले. अट मोडण्याऐवजी देणाऱ्यांसमोर जाऊन ती बदलून घेणे, हा मार्ग आजही तेवढाच खुला आहे आणि तेवढाच कमी वापरला जातो.

आता आमच्या छपराकडे येते. आमचे देवालय फार मोठे नाही. सागवानी कैच्या, त्यांवर वासे आणि रिपा, वर मंगलोरी कौले, असे त्याचे छप्पर. बाहेरून ते ठणठणीत दिसे. परंतु पन्हळ तुंबून भिंतीत पाणी मुरत गेले होते आणि दोन कैच्यांची भिंतीत रोवलेली टोके इतकी कुजली होती की सुताराने त्यांत पेचकस घातला तेव्हा तो मुठीपर्यंत आत गेला आणि बाहेर आला तो ओल्या काळसर भुश्यासह. पावसाळ्यात उपदेशपीठाच्या डावीकडे बादली ठेवावी लागे. प्रवचनात पाळकसाहेब थांबले की तिच्यातला ठिबक ऐकू येई. कंत्राटदाराचे कोटेशन आले तेव्हा समितीतल्या ज्येष्ठांनी चष्मे काढून टेबलावर ठेवले. नेहमीच्या वर्गणीतून तो आकडा गाठायला आमच्यातल्या बऱ्याच जणांचे आयुष्य पुरले नसते.

तरुण संघातल्या मुलांनी प्रचाराची जबाबदारी उचलली आणि पहिला मसुदा तयार केला. त्यात संध्याकाळच्या उन्हातले, वरून घेतलेले देवालयाचे देखणे छायाचित्र होते आणि खाली वाक्य होते: ‘आज बीज पेरा, देव तुम्हाला शंभरपट परत देईल.’ हे वाक्य मी खोडले. मुले नाराज झाली, कारण मोबाइलवर ज्या मोठमोठ्या सेवाकार्यांच्या चित्रफिती ती पाहतात त्यांत हीच भाषा असते. पण कौलांच्या बदल्यात देवाच्या वतीने परताव्याची हमी देण्याचा अधिकार आमच्या समितीला कोणी दिला? बँकेत असा परतावा जाहीर केला असता तर रिझर्व्ह बँकेची नोटीस आली असती. छायाचित्रही बदलले. कुजलेल्या टोकाचे, त्यात रुतलेल्या पेचकसासह घेतलेले छायाचित्र लावले, बादलीचे एक लावले आणि खाली कोटेशनमधल्या बाबी जशाच्या तशा लिहिल्या: कैच्यांची दुरुस्ती, वासे आणि रिपा, कौले, पन्हळ, मजुरी, परांची. कोणाला पूर्ण रक्कम झेपत नसेल तर शंभर कौलांची किंमत किती आणि एका वाशाची किती, हेही दिले. माझ्या समजुतीप्रमाणे या बदलाने जेवढा फरक पडला तेवढा सायंकाळच्या उन्हाने पडला नसता. लोक फोन करून विचारू लागले, “खजिनदारबाई, वासे झाले का? नाहीतर मी वाशांचे देतो.”

मजकुरात एक काळजी आणखी घ्यावी लागली, ती स्पष्टच लिहिते. चर्चच्या नावाने पैसे मागणारा संदेश आजच्या वातावरणात कोणाच्या हाती पडेल आणि त्यातून काय अर्थ काढला जाईल, याची खात्री देता येत नाही. गरीब मुलांचे केविलवाणे चेहरे दाखवून पैसे मागणे मला तसेही पटत नाही. त्या मुलांची परवानगी कोणी घेतलेली नसते आणि मोठेपणी त्यांनी ते चित्र पाहिले तर त्यांना काय वाटेल याचा विचार कोणी करीत नाही. त्यात पुन्हा तसे चित्र चर्चच्या नावाखाली फिरू लागले की धर्मांतरासाठी आमिष दाखवल्याच्या आरोपाला आयतेच निमित्त मिळते. म्हणून आमच्या संदेशात माणसे नव्हतीच. छप्पर होते. कदाचित त्यामुळेच असेल, शेजारच्या वाड्यातल्या एका काकांनी, जे आमच्या दारातून कधी आत आलेले नाहीत, ५०१ रुपये पाठवले आणि तुमच्या घंटेवर आमच्या घरातली शाळेची घाई ठरायची असा निरोप दिला. ज्यांना हे नवल वाटेल त्यांच्यासाठी सांगते की क्वार्टर गेटजवळच्या सिटी चर्चला १७९२ साली जागा मिळाली ती सवाई माधवराव पेशव्यांकडून, त्यांच्या सैन्यातल्या गोव्याच्या ख्रिस्ती लोकांसाठी. पुण्यात हे नाते जुने आहे.

पैसे येऊ लागले आणि प्रश्नही. पहिला प्रश्न खात्याचा होता. सोयीचे म्हणून पाळकांचा किंवा सेक्रेटरींचा स्वतःचा मोबाइल नंबर देऊन टाकण्याची पद्धत फार पसरलेली आहे, आणि बहुतेक ठिकाणी त्यामागे लबाडी नसते, कंटाळा असतो. ट्रस्टच्या नावाचे खाते युपीआयला जोडायचे तर बँकेत ठराव द्यावा लागतो, सह्या करणाऱ्यांचे केवायसी लागते, विश्वस्त बदललेले असतील तर धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज झालेला असावा लागतो, आणि तो नव्वद दिवसांत करायचा असूनही वर्षानुवर्षे राहून गेलेला असतो. एका ठिकाणी असेच पैसे सेक्रेटरींच्या बचत खात्यात गोळा झाले, मध्येच ते गृहस्थ वारले, आणि ती रक्कम देवालयाची की वारसांची हे ठरवताना दोन कुटुंबांचे बोलणे बंद झाले. मयताने एक रुपयाही खाल्ला नव्हता. म्हणून आमच्या संदेशात ठळक अक्षरांत लिहिले होते की कोड स्कॅन केल्यावर ट्रस्टचे नाव दिसले तरच पुढे जावे, अन्यथा पैसे पाठवू नयेत. तरुण संघाला हे वाक्य रसभंग करणारे वाटले. चित्र फॉरवर्ड होता होता त्यातला कोड कोणी बदलला तर देणाराला वाचवणारे तेवढेच एक वाक्य असते.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० चा आहे आणि देवळे, मशिदी, चर्च साऱ्यांनाच लागू आहे. नोंदणी नसलेल्या मंडळाला धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे असतील तर परवानगी घ्यावी लागते. गणेशोत्सवाच्या आधी मंडळांची यासाठी जी धावपळ होते ती पुणेकरांना ठाऊक आहे. नोंदणीकृत ट्रस्टला ही वेगळी परवानगी लागत नाही, पण हिशेब ठेवणे आणि त्यांचे ऑडिट चुकत नाही. त्यात आमच्याकडे एक जास्तीची गाठ असते. अनेक मंडळ्यांची इमारत डायोसिसच्या (धर्मप्रांताच्या) मालमत्ता सांभाळणाऱ्या ट्रस्टच्या नावावर असते आणि रविवारचे अर्पण मात्र स्थानिक मंडळीच्या खात्यात जाते. म्हणजे छप्पर एकाचे, बादली दुसऱ्याची. दुरुस्तीला हात लावण्यापूर्वी लेखी संमती घ्यावी, हे आम्ही संदेश काढण्याआधी केले, याचा मला आजही आनंद आहे.

देणाऱ्यांचा सर्वांत पहिला प्रश्न ‘८०जी मिळेल का?’, म्हणजे देणगीवर आयकरात सवलत मिळेल का, हाच असतो. निव्वळ धार्मिक कारणासाठी असलेल्या ट्रस्टला ही मान्यता साधारणपणे मिळत नाही, कारण कायद्याला विशिष्ट धर्मसमाजापुरती मर्यादित नसलेली धर्मादाय संस्था अपेक्षित असते. ऐतिहासिक किंवा कलात्मक महत्त्वाचे म्हणून केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रार्थनास्थळाच्या दुरुस्तीसाठी दिलेल्या देणगीला सवलत आहे, तीही निम्म्या रकमेवर आणि उत्पन्नाच्या मर्यादेत. आमचे देवालय त्या यादीत नाही. एवढे समजावून सांगितल्यावर एका सुशिक्षित सभासदाने मान डोलावली आणि आपण नव्या करप्रणालीत असल्यामुळे आपल्याला ८०जी तसेही लागत नव्हते, असे सांगितले. त्याने विचारले होते ते सवयीने. परंतु ‘मिळेल’ असे मोघम सांगून पैसे घेणाऱ्या जागा मी पाहिल्या आहेत, आणि मार्चअखेरीस त्यांचे फोन कसे वाजत राहतात तेही.

परदेशातून येणाऱ्या पैशाची बाजू याहून नाजूक आहे. आमच्या मंडळीतले एक भाऊ-बहीण दोघेही बाहेर आहेत. भाऊ आखाती देशात नोकरीला, पासपोर्ट भारतीय. बहीण अमेरिकेत, आता तिथली नागरिक. दोघांचाही बाप्तिस्मा याच देवालयात झालेला, दोघांच्याही आईची अंत्यविधीची उपासना याच छपराखाली झालेली. भावाने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम आम्ही घेऊ शकलो, कारण भारतीय नागरिकत्व कायम असलेल्या अनिवासी माणसाची अशी देणगी कायद्याने परदेशी ठरत नाही. बहिणीची मात्र परदेशी ठरते, मग तिच्याकडे ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असो वा नसो. ती घ्यायची तर २०१० च्या परदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी हवी, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा आधी दिल्लीतील संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील खात्यातच यावा लागतो. आमच्यासारख्या मंडळीची अशी नोंदणी नसते. तिला हे फोनवर सांगण्याचे काम माझ्याकडे आले. “मग मी दादाच्या खात्यात टाकते, तो तुम्हाला पाठवेल,” असे ती सहज म्हणाली. त्यालाही नकार द्यावा लागला. तिचे रडू मला ऐकू येत होते. कायदा कशासाठी आहे हे मला कळते, तरी आईच्या देवालयाचे छप्पर आणि परकी ढवळाढवळ या दोन गोष्टी एकाच चाळणीत चाळल्या जातात हे त्या दिवशी फार टोचले. शेवटी सुट्टीत पुण्याला आल्यावर तरी थैलीत टाकू का, असे तिने विचारले. नियमाप्रमाणे तेही परदेशी अंशदानच ठरते असे मी तिला सांगितले, आणि आम्ही दोघींनी विषय बदलला.

आता त्या यादीविषयी, जिने मला सर्वांत अधिक विचार करायला लावला. व्हॉट्सअॅपवर वर्गणी सुरू झाली की एक यादी आपोआप जन्माला येते. कोणीतरी पहिले नाव आणि रक्कम लिहितो, दुसरा ती सारी यादी उचलून खाली आपले नाव जोडतो, आणि दिवसभर ती लांबत जाते. उत्साह वाढतो यात वाद नाही. पण पहिली तीन नावे पाच-पाच हजारांची असली की चौथा दोन हजारवाला थबकतो, आणि शंभर रुपयेवाला त्या यादीत उतरतच नाही. आमच्या खात्याचा उतारा आणि ग्रुपवरची यादी मी समोरासमोर ठेवली तेव्हा यादीत नसलेल्यांची संख्या यादीतल्यांपेक्षा जास्त निघाली. त्यांनी लहान रकमा पाठवल्या होत्या आणि कोणाला सांगितले नव्हते. मंदिरातल्या दानपात्रात दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, टाकणारी बायबलमधली ती विधवा सर्वांना पाठ असते, पण आपण तयार केलेल्या यादीत तिला नाव लिहायला जागाच ठेवलेली नसते. समितीत मी विषय काढला आणि बऱ्याच वादावादीनंतर यादी बंद झाली. त्यानंतर ग्रुपवर आठवड्याला फक्त एकूण जमा, एकूण खर्च आणि शिल्लक असे तीन आकडे जाऊ लागले. मोठ्या देणगीदारांपैकी एकांना हे आवडले नाही. त्यांच्या वडिलांच्या नावाची पाटी लागायला हवी, निदान फेसबुकवर उल्लेख तरी, असे त्यांचे म्हणणे होते, आणि कॅम्पातल्या जुन्या चर्चच्या भिंतींवर साहेबांच्या नावाच्या पाट्या आहेतच की, हा त्यांचा दाखला अगदीच चुकीचा म्हणता येत नाही.

तरीही पूर्ण निनावीपणा आता उरलेला नाही. थैलीत पडलेली नोट कोणाची हे खजिनदारालाही कळत नसे. धार्मिक ट्रस्टला मिळणाऱ्या अशा निनावी अर्पणाला आयकर कायद्यानेही वेगळ्या कराच्या जाचातून सूट दिलेली आहे. युपीआयच्या उताऱ्यावर मात्र नाव येते, बारा अंकी क्रमांक येतो, वेळ येते. रविवारी प्रवचन चालू असताना कोणी पैसे पाठवले हेसुद्धा मला कळते, आणि ते मला कळायला नको होते. शेऱ्याच्या जागेत लोक काय काय लिहितात: ‘छप्पर’, ‘वासा १’, ‘आईच्या स्मरणार्थ’, ‘पास झाल्याबद्दल उपकारस्तुती’. मधूनमधून एकेक रुपया आलेला दिसतो, कारण मोठी रक्कम पाठवण्यापूर्वी माणूस रुपया पाठवून खात्री करून घेतो. त्या रुपयांच्या पावत्या फाडाव्यात की नाही यावर आमच्या ऑडिटरांनी आणि मी एक अख्खा चहा संपवला. (फाडाव्यात, असे ठरले.) आमच्यातल्या एका वृद्ध मावशींनी नातवाच्या फोनवरून पाचशे रुपये पाठवले आणि मी पावती नातवाच्या नावाने करताच त्या माझ्यावर रागावल्या. “माझं नाव नको हे खरं,” त्या म्हणाल्या, “पण म्हणून त्याचं का? त्यानं काय दिलंय? नुसतं बोट लावलंय.” पुढच्या रविवारपासून त्या पुन्हा रुमालाच्या गाठीतून नोट काढून थैलीत टाकू लागल्या. आता त्यांचे किती येतात हे मला माहीत नाही, आणि त्यांना हवे होते ते हेच.

यूट्यूबवरच्या थेट उपासनेत ‘सुपर चॅट’ सुरू करावे, अशी सूचनाही मध्यंतरी आली होती. त्या रकमेतला तीस टक्के वाटा यूट्यूब ठेवून घेते आणि पैसे देणाऱ्याचा संदेश रंगीत पट्टीत वर दिसत राहतो, एवढे सांगितल्यावर ती सूचना मागे पडली. वर्गणीसाठी निघालेली संकेतस्थळे आजारपणाच्या खर्चासाठी उपयोगी पडतात हे मी पाहिले आहे, पण त्यांतली काही देणगीवर आपली ‘टिप’ आधीच लावून ठेवतात; ती काढायची कुठून हे वयस्क माणसाला सापडत नाही. तेव्हा आमचे आपले खाते, आपली पाटी आणि आपला उतारा बरा.

छप्पर पावसाळ्याआधी झाले. काम चालू असताना कौलांची, सागवानाची आणि मजुरीची बिले नोटीस बोर्डावर टाचणीने लावली होती आणि त्यांची छायाचित्रे ग्रुपवर टाकली होती. एका सभासदाने लाकडाच्या तेलाचा दर बाजारापेक्षा जास्त कसा, असे विचारले, तेव्हा समितीतले काही जण दुखावले. मला मात्र तो प्रश्न सर्वांत मोठी देणगी वाटला, कारण एवढ्या बारकाईने आधी कोणी आमचा हिशेब वाचलाच नव्हता. दर खरोखर जास्त होता. कंत्राटदाराने तो कमी करून दिला.

आता थोडी रक्कम उरली आहे आणि तिच्यावरून चर्चा रंगली आहे. तरुण संघाला प्रोजेक्टर हवा आहे, महिला मंडळाला स्वयंपाकघरात नवी शेगडी, आणि पाळकसाहेबांच्या मनात गावाकडच्या एका छोट्या मंडळीला मदत करण्याचे आहे. तिन्ही गोष्टी चांगल्या आहेत, पण तिन्हींसाठी आम्ही कोणाकडे काही मागितलेले नव्हते. म्हणून ज्यांचे पत्ते आणि नंबर आहेत अशा देणगीदारांना तसे लिहून विचारले आहे, आणि ऑडिट झालेला हिशेब वार्षिक सभेत मांडल्यावर शिल्लक रकमेचा ठराव त्याच सभेत येईल. तोपर्यंत ती छप्पर आणि पन्हळीच्या देखभालीच्या नावाने मुदत ठेवीत राहील. प्रोजेक्टर हवा असलेल्यांनी प्रोजेक्टरसाठी वेगळा संदेश काढावा. मसुदा तपासून द्यायला मी तयार आहे.